पुंडलिकजी बेलिफ आदल्या दिवशी येत

कोर्टात सगळ्यात मोठा आवाज माहा होता अन् सगळ्यात कमी अक्कलही माहीच. या दोन्ही गोष्टी नोकरीच्या पहिल्याच दिवशी साऱ्यायले समजल्या. रीडरसाहेब म्हणे, "लक्ष्मण, पक्षकारायले पुकार." मी कमरेचा पट्टा सावरत व्हरांड्यात गेलो अन् पोटातून वरडलो, "पक्षकार हाजिर हो." व्हरांड्यात जेवढे बसलते तेवढे सारे उठले. फौजदारीवाले उठले, दिवाणीवाले उठले, साक्षीले आलेले उठले. एक बावाजी तं नुसता सावलीले टेकलता, तोही आत घुसला. साहेबानं चष्मा काढून पुसला अन् परत लावला, पण गर्दी काही कमी झाली नाही.

त्या गर्दीतून मले दंडाले धरून बाहेर काढलं ते पुंडलिकजी बेलिफानं. म्हणे, "अबे, नाव घेऊन बोलाव ना. आपल्या नावानं हाक आली का माणसाचं अर्धं भेव कमी होते."

मी म्हणलं, "नावं लक्षात राहत नाहीत जी. अन् कागद वाचता येत नाही."

"मंग रीडरच्या तोंडाकडं पाहाचं अन् तो बोलला का लगेच बोलाचं. मधी इचार कराचा नाही. इचार कराले सरकार तुले पगार देत नाही."

आमचं कोर्ट तालुक्याचं. कवेलूची इमारत, समोर कडुलिंब, अन् कडुलिंबाखाली सारा जिल्हा बसलेला. आता कोर्ट म्हणजे काय, हे मले शाळेनं शिकवलं नाही, कारण मी शाळेत फक्त एकदा गेलतो, तेही मास्तरची बकरी सोडवाले. कोर्ट मले पुंडलिकजीनं समजावलं. साहेब हुकूम करते. रीडर तो लिहिते. शिरस्तेदार त्याच्यावर नंबर टाकते. नाझर तो बेलिफाच्या हातात देते. बेलिफ तो माणसाच्या दारात नेऊन ठेवते.

"अन् मी?" म्हणलं.

"तू बेलिफाच्या मागं चालतं अन् डफडं वाजवतं."

"अन् मंग त्या माणसाचं पुढं काय होते, ते कोण पाह्यते?"

पुंडलिकजीनं जरा इचार केला. म्हणे, "त्याच्यासाठी अजून पोष्ट निघाली नाही."

मी लय हसलो. मले वाटलं ते गंमत करून राह्यले.

पुंडलिकजी म्हणजे उंच माणूस, पण जरा वाकलेला. जसा कोणाच्या तरी बुटक्या दरवाजातून आत्ताच बाहेर आला असन. खाकी कोट, काळी टोपी, दाढेखाली सदा एक लवंग. सायकल होती. सरकारी नाही, स्वतःची. पण त्या सायकलवर बसलेलं त्यायले मी कमीच पाह्यलं. गाव जवळ आलं का उतरत अन् हातात धरून चालत. मी इचारलं काहून, तं म्हणे, "आंगणात सायकलवरून उतरणारा माणूस पोलीस वाटते. पायी येणारा पाहुणा वाटते."

अन् दारात गेले का चपला काढत. ज्याचं घर खाली कराचं त्याच्याही उंबऱ्याबाहेर चपला काढून ठेवत अन् मंग हुकूम वाचत. मी एकदा त्यायचं पाहून माह्याही काढल्या. वाचून होईपर्यंत कुत्र्यानं एक नेली. तीन कोस मी एका पायात चप्पल घालून आलो अन् दुसऱ्या दिवशी कोर्टात लंगडा लक्ष्मण म्हणून नाव पडलं. ते नाव अजून हाये, पाय दोन्ही चांगले असून.

पण पुंडलिकजीची खरी सवय दुसरीच होती. ते आदल्या दिवशी येत.

म्हणजे असं का, समजा उद्या कोणाच्या घराचा ताबा घ्याचा हाये. तं आज सांजीले कोर्ट सुटलं का पुंडलिकजी एकटेच त्या घरी जात. पट्टा नाही, कागद नाही, मी नाही. ओट्यावर बसत. म्हणत, "मी रस्ता पाहून राह्यलो. उद्या याचं हाये." घरच्यायले समजे. मंग बाया रातोरात चूल दुसरीकडं मांडत, देव उचलत, म्हाताऱ्या माणसाले बहिणीकडं नेऊन घालत. दुसऱ्या दिवशी आम्ही डफडं घेऊन जाओ तं घरात नुसत्या भिंती. रडारड नाही, धराधर नाही. पुंडलिकजी हुकूम वाचत, पंच आंगठा देत, झालं.

नाझर म्हणे, "पुंडलिकजी, हे कायद्यात कुठं हाये?"

"कायद्यात रस्ता पाहू नये असं कुठं हाये?" म्हणत.

नाझर हसे अन् सोडून दे. आदल्या दिवशी जाणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं, म्हणून कोणी मनाही केली नाही.

एकदा एका तांड्यावर जाहीर नोटीस द्याची होती. डोंगराच्या अंगानं तांडा, लोक आपले बैलांवर मीठ-धान्य वाहणारे होते कोण्या काळी, आता वाही-पेरणी करत. मी डफडं वाजवाले सुरुवात केली. मले एकच ठेका येते, लग्नातला. तांड्यातल्या बाया कामं टाकून बाहेर आल्या, त्यायले वाटलं कोणाची वरात हाये. एका म्हातारीनं हात वर करून फेर धरला, मंग तिच्या मागं दहा-पंधरा जणी. घागऱ्याचे आरसे चमकून राह्यले, अन् मी येडा अजूनच जोरात वाजवून राह्यलो. पुंडलिकजीनं नोटीस खिशातून काढली अन् परत खिशात ठेवली. त्यायचं गाणं सरेपर्यंत उभे राह्यले. मंग त्या म्हातारीले तांड्याच्याच बोलीत माय म्हणून हाक मारली, "याडी, बस जरा. एक कागद वाचाचा हाये." तिले दम लागलता अन् तोंडावर हसू तसंच होतं. त्या हसण्यावर त्यायनं नोटीस वाचली.

परत येताना म्हणे, "लक्ष्मण, हसत्या माणसाले नोटीस द्याले लय जड जाते."

मी म्हणलं, "मंग रडका ठेका शिकू काय?"

"नको. तुह्यानं त्याचीही वरात होईन."

आता दुसरी एक गोष्ट सांगतो, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजत नाही. फुलसावंगीकडच्या एका गावात आम्ही जप्तीले गेलतो. दारातच एका गड्यानं पुंडलिकजीच्या हातात कागद ठेवला. म्हणे वरच्या कोर्टानं थांबवलं. शिक्का होता, सही होती. पुंडलिकजीनं कागद घेतला, परत आले. तो कागद खोटा निघाला. शिक्का म्हणे कोण्या जिनिंगचा होता. पुंडलिकजीच्या नोकरीवर आली. साहेबासमोर उभं राहा लागलं. नोकरी वाचली, पण त्या दिवसापासून त्यायनं एक नियम केला. दारात कोणाचा कागद घ्याचा नाही. थांबवाचा हुकूम असन तं कोर्टात आणा, नाझरच्या टेबलावर ठेवा, नाझर मले सांगीन. जिथं जात तिथं हे सांगत. सारा तालुका शिकला. पुंडलिकजी दारात कागद घेत नाही म्हणून पोरंही सांगत.

मंग आपलं राज्य बदललं. आदल्या दिवसापर्यंत आपण मध्यप्रदेशात होतो, नागपूरचं हायकोर्ट होतं. दिवाळीच्या सुमारास साहेबानं साऱ्यायले बोलावलं अन् सांगितलं का आता आपण मुंबई राज्यात गेलो. मी बाहेर येऊन पाह्यलं. तोच कडुलिंब, त्याच्याखाली तेच झोपलेलं कुत्रं. पट्ट्यावरचा पितळी बिल्ला बदलणार होता, तो काही आला नाही. मी जुनाच घालत होतो, अन् तोही उलटा, हे मले वर्षभरानं एका शाळेच्या पोरानं सांगितलं. पुढं महाराष्ट्र झाला. वरचे राज्य बदलत गेले अन् खाली आम्ही दोघं, एक सायकल अन् एक डफडं.

महाराष्ट्र होण्याच्या आदल्या हिवाळ्यात रहिमतबीच्या घराचा वारंट निघाला.

रहिमतबी म्हणजे आमच्याच गावातल्या नालबंदाची बायको. नवरा बैलांच्या खुराले नाल ठोके. तो गेला, त्याच्या मागं मोठा पोरगा गेला. घरात राह्यल्या दोन बाया, म्हातारी रहिमतबी अन् तिची विधवा सून हलिमाबी. म्हातारीले दिसत नव्हतं. हलिमाबी गाद्या-गोधड्या भरून दोघींचं पोट चालवे. अन् धाकटा पोरगा होता, त्यानं घर आपल्याच नावाचं हाये सांगून हरिभाऊ चक्कीवाल्याले विकलं अन् हैदराबादकडं निघून गेला. बापानं मरताना घर कोणाले दिलतं, माईले का धाकट्याले, एवढाच झगडा. तो झगडा आमच्या कोर्टात वर्षानुवर्षं चालला. मी रहिमतबीचं नाव इतक्या वेळा पुकारलं का मले वाटे ती आपलीच कोणी मावशी हाये. शेवटी हरिभाऊ जिंकला. हरिभाऊही काही चोर नव्हता. त्यानं घामाचे पैसे मोजलते, पाच लेकरं घेऊन चक्कीच्याच खोलीत पिठात झोपे. त्याचंही खरं होतं. म्हातारीनं यवतमाळले अपील केलतं. पण अपील केलं म्हणून वारंट थांबत नाही. त्याच्यासाठी येगळा हुकूम आणा लागते.

आदल्या दिवशी पुंडलिकजी गेले. त्या दिवशी मले संग नेलं, कारण हलिमाबी पडद्यातली अन् घरात पुरुष माणूस नाही, एकटं जाणं बरं दिसत नव्हतं. ओट्यावर बसलो. आतून पडद्यामागून हलिमाबी बोलली, "साब, अम्मा को दिखता नहीं. ये घर में हाथ लगाके चलते. दूसरे घर में कैसे चलेंगे?"

पुंडलिकजी म्हणे, "बाई, सकाळच्या पहिल्या बसनं यवतमाळले जा. वकिलाले म्हणा, आजच थांबवाचा हुकूम पाह्यजे. तो घेऊन सिध्या कोर्टात या. नाझरच्या टेबलावर ठेवा."

"यहीं ले आऊँ तो? आप यहीं आनेवाले ना?"

"दारात मी घेत नाही बाई. माहा नियम हाये. कोर्टातच आणा."

"हौ, कोर्ट में."

आतून म्हातारी म्हणे, "कौन आया, हलिमा?"

"कोई नहीं अम्मा. रास्ता पूछ रहे."

घरी जाताना पुंडलिकजी लय खुशीत होते. म्हणे, "लक्ष्मण, उद्या आपण उशिरा निघू. दिवस बुडला का कोणाच्या घरात शिरता येत नाही, कायदाच हाये तसा. एक दिवस भेटला का बाईचं काम झालं."

दुसऱ्या दिवशी आम्ही असे निघालो जसं मढ्यामागं चालून राह्यलो. पुंडलिकजीच्या सायकलचं पंक्चर निघालं, ते काढत बसले. पंक्चरवाल्यानं चहा पाजला, तो फुंकर मारून मारून पेला. मी डफड्याचं कातडं ताणाले म्हणून जाळ केला अन् एका कडेनं जाळून टाकलं. हे मात्र मी मुद्दाम केलं नाही, ते माह्या हातून आपोआपच होते. तरी गल्लीत पोचलो तवा ऊन भिंतीवर होतं.

हरिभाऊ बैलगाडीवर सामान भरून उभाच होता. बायको गाडीत, लेकरं गाडीत, जात्याचा दगडही गाडीत.

पुंडलिकजीनं चपला काढल्या. कागद वाचला. म्हणे, "आत पडद्यातली बाई हाये. तिले बाहेर निघाले सवड द्या लागते. कायदा हाये."

"द्या ना," हरिभाऊ म्हणे.

आतून रहिमतबीचा आवाज आला, "मेरी बहू आए बगैर मैं उठती नहीं. वो यवतमाल गई."

"बसा माय," पुंडलिकजी म्हणे. "आम्ही बसतो."

आम्ही ओट्यावर बसलो. पंच बसले. हरिभाऊचं लहान लेकरू गाडीतून उतरून माह्या डफड्यावर बसलं. पुंडलिकजी घडी घडी गल्लीच्या तोंडाकडं पाहत. नाझरचा निरोप येईन, असं त्यायले वाटून राह्यलतं. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. निरोप आला नाही.

हरिभाऊ जवळ येऊन हळूच म्हणे, "पुंडलिकजी, मी शिकलेला नाही, पण दिवस बुडाले आला हे मलेही दिसते. तुम्ही मुद्दाम टाइम काढून राह्यले. मी साहेबाले सांगन असं म्हणत नाही. पण माह्या लेकरायकडं पाहा. कोर्टानं मले घर दिलं, मी काय चोरून घेऊन राह्यलो?"

पुंडलिकजीनं गाडीकडं पाह्यलं. मंग उठले.

शेजारच्या दोन बायायनं म्हातारीले बाजेसकट उचलून बाहेर आणलं. बाज दारात अडकली, तवा म्हातारीनं दोन्ही हातानं चौकट धरली. तिले वाटलं ती पडून राह्यली. पुंडलिकजीनं तिची बोटं एक एक करून सोडवली. लय हळू सोडवली, जशी लेकराच्या मुठीतून सुई काढतात. हरिभाऊची बायको गाडीतून उतरली, तिनं म्हातारीच्या अंगावर आपली चादर टाकली अन् रडत रडत आत गेली. पंचायनं आंगठे दिले. मी डफडं वाजवलं. जळक्या कातड्याचा आवाज भद्द भद्द निघे, तरी गल्लीतल्या पोरायनं मान डोलावली.

कोर्टात परत आलो तं पायरीवर हलिमाबी बसलेली. बुरख्याच्या आत हात होता, तो बाहेर काढला. हातात कागद. आम्हाले पाहून उभी राह्यली. आवाजात हसू होतं तिच्या.

"साब, मिल गया. मैं घर गई भी नहीं. सीधी यहीं आई. आप बोले थे ना, दरवाजे पे नहीं लेते."

पुंडलिकजी म्हणे, "कधी आल्या?"

"असर की अजान नहीं हुई थी तब की बैठी."

म्हणजे दुपार कलतीच्या नमाजाआधीपासून. आम्ही ओट्यावर बसलतो तवाच ती इथं पायरीवर बसलती. मधी गावातल्या दोन गल्ल्या. नाझर जिल्ह्याले मीटिंगले गेलता. कारकुनानं तिले सांगितलं, बेलिफ बाहेर हाये, बसा, आला का देजा. त्याचं काही चुकलं नाही. कागद घेणं नाझरचं काम. बेलिफाले निरोप नेणं कारकुनाचं काम नव्हे, चपराशाचं काम. अन् चपराशी मी. मी रहिमतबीच्या दारात जळकं डफडं घेऊन बसलतो.

पुंडलिकजीनं तिच्या हातातून कागद घेतला. वाचला. परत वाचला. तिले काय झालं ते सांगाले तोंड उघडलं अन् परत कागदातच पाहाले लागले. मंग मीच सांगितलं. माह्या आवाजात हळू बोलता येत नाही. सारा व्हरांडा ऐकून राह्यला.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणे, हुकूम खरा हाये, पण वारंट थांबवाचा हाये, बजावला गेलेला वारंट आता थांबवाचा कसा. अपिलात काय होईन ते होईन. साहेबाचंही काही चुकलं नाही.

त्या दोघी दर्ग्याच्या मागच्या पडवीत राहाले गेल्या. भिंत एकाच बाजूनं होती. म्हातारी तिथं हात लावत चालाले पाहे अन् दोन पावलांवर भिंत सरे. थंडी लय होती. हिवाळा सरला नाही, म्हातारी सरली.

पुंडलिकजी मय्यतले गेले. खांदा दिला. मीही दिला, पण माही उंची कमी, म्हणून जनाजा माह्या बाजूले कलला अन् लोकायनं मले बाजूले केलं. कबरस्तानाच्या बाहेर हलिमाबी उभी होती. पुंडलिकजीले म्हणे, "आप आए साब. कोर्ट का आदमी आ गया मिट्टी को. अब कोर्ट को मालूम हो गया."

"हो बाई," पुंडलिकजी म्हणे.

अन् त्यायनं कोर्टात सांगितलंही. नाझरले सांगितलं. नाझर म्हणे, "अरेरे." शिरस्तेदाराले सांगितलं. शिरस्तेदार म्हणे, "अर्ज हाये काय?" रीडरले सांगितलं. रीडर म्हणे, "अपील यवतमाळले हाये ना, आपल्याकडं कुठं." साऱ्यायले माहीत झालं का रहिमतबी मेली. कागदाले नाही झालं. हलिमाबी भावाकडं नेरले निघून गेली, तिथं गोधड्या भराले लागली. तिले वाटे कोर्टाले माहीत हाये. पुंडलिकजीले वाटे आपण सांगितलं.

त्याच्यानंतर पुंडलिकजी बदलले. आदल्या दिवशी जात, पण घरापर्यंत नाही. गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभे राहत अन् परत येत. अन् दारात कोणी कागद दिला का घेत, कसाही असो. एकदा एका घरच्या पोरानं हातात लग्नाची पत्रिका दिली, आम्ही जप्ती सोडून कोर्टात परत आलो. नाझरनं ती पत्रिका साऱ्यायसमोर वाचून दाखवली. लोक हसले. मीही हसलो, मले हसू लवकर येते. पुंडलिकजीनं ती परत घेतली अन् घडी करून कोटाच्या खिशात ठेवली.

मंग एक दिवस यवतमाळहून मागणी आली, रहिमतबीच्या जुन्या केसचे कागद घेऊन या. पुंडलिकजी म्हणे मी नेतो. मले कागदाचा बस्ता उचलाले घेतलं. मी तो बसच्या टपावर ठेवला अन् उडून जाऊ नये म्हणून त्याच्यावर बसलो. कंडक्टरनं मले सामानाचं तिकीट दिलं. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यापर्यंत मी तसाच धुळीत आलो, पुंडलिकजी खिडकीतून वर पाहून एकदाही हसले नाहीत.

यवतमाळचं कोर्ट मोठं. तिथल्या चपराशाचा आवाज माह्यापेक्षा बारीक होता, पण नावं बरोबर घे. त्यानं पुकारलं, "रहिमतबी हाजिर हो." परत पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. पुंडलिकजी माह्या बाजूले बाकावर बसलते, त्यायनं दाढेखालची लवंग काढून मुठीत धरली.

आत हरिभाऊचा वकील म्हणाला, अपील करणारी बाई वारून लय महिने झाले, मुदतीत वारसाचा अर्ज नाही, अपील संपलं. म्हातारीचा वकील म्हणाला, मला कोणी कळवलं नाही. साहेबानं विचारलं, वारस कोण. हरिभाऊचा वकील म्हणाला, "धाकटा मुलगा, साहेब. ज्यानं हे घर विकलं तोच." सून वारस होत नाही, हे मले तिथंच कळलं. मागं कोणीतरी हसलं.

तवा पुंडलिकजी उठले अन् आत जाऊन उभे राह्यले. कोणी बोलावलं नव्हतं. मी दारातून पाहून राह्यलतो.

म्हणे, "साहेब, मी तिच्या मातीले होतो. मी कोर्टात सांगितलतं."

साहेबानं वर पाह्यलं. रागानं नाही. म्हणे, "आपण कोण?"

"बेलिफ, साहेब. तालुक्याचा."

"मग आपलं इथं काय काम आहे?"

"कागद आणलेत, साहेब. पण म्हातारी मेल्याचं मी साऱ्यायले..."

"सांगून होत नाही. अर्ज लागतो. आणि तो देणं तुमचं काम नव्हे."

"कोणाचं होतं, साहेब?"

"पक्षकाराचं."

"पक्षकारच मेला, साहेब."

साहेब जरा वेळ पुंडलिकजीकडं पाहत राह्यले, जसा माणूस लांबच्या गावाकडं पाह्यते. त्यायले वाईट वाटलं असन, मी खोटं कायले बोलू. मंग त्यायनं खाली पाहून लिहिलं, सही केली, अन् चपराशाले म्हणाले, "पुढचं पुकारा."

बस्ता तिथंच जमा केला. स्टँडवर आलो तं आमची बस लागलेलीच होती. मी जागा धरली, रुमाल टाकला, हाक मारली. पुंडलिकजी आले नाहीत. पाह्यलं तं ते नेरच्या बसपाशी उभे.

मी खाली उतरून गेलो. "पुंडलिकजी, आपली तिकडं हाये."

"तू जा. नाझरले सांग, पुंडलिकजी उद्या येतो."

"नेरले कायले?"

"हलिमाबीले सांगा लागीन ना."

"ते वकिलाचं काम हाये जी."

"हो ना," म्हणे, "वकिलाचंच हाये." अन् चढले.

त्याच्यानंतर पुंडलिकजी आणखी बरेच दिवस कोर्टात होते. रिटायर झाले, हार घातला, साहेब चांगलं बोलले. मंग मेले, तवाही मी गेलो. पण मले आठवाचं म्हणलं तं ते नेरच्या बसमधलेच आठवतात. खिडकीजवळ बसलते, टोपी मांडीवर. बस अजून निघाली नव्हती. मी खाली उभा, काहीतरी गमतीचं बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण पाह्यलं तं त्यायचे ओठ हलून राह्यलते. मले वाटलं मलेच काही सांगून राह्यले, म्हणून मी काचेजवळ गेलो. माह्याशी नव्हते बोलत. जे तिले सांगाचं ते मनातल्या मनात बोलून पाहून राह्यलते. थोडं बोलत, थांबत, मान हलवत, अन् परत पहिल्यापासून. कंडक्टरनं घंटी मारली. बस वळली तवाही ते सुरुवातीलेच होते.